'दिसत नाही' म्हणजे नेमकी कुठे दिसत नाही?

पत्र, थोडक्यात

नारायण पेठेत घरूनच डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं लावण्याचं, काम करणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं आणि दरवर्षी दोन दिवाळी अंक, असं त्यांचं काम. जुना कॉम्प्युटर फार रखडायला लागला म्हणून त्यांनी नवा असेंबल करून घेतला. सुटे भाग दुकानातून पक्क्या बिलावर आणले, जोडणी इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने घरीच केली. विंडोज एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कवर आहे आणि ते झकास चालतं. 'मधे भाच्याने चालू कामासाठी आणखी एक एसएसडी टाकून दिली, तीही छान चालते,' असं त्या जाता जाता लिहितात.

अडचण दोन हार्ड डिस्कची आहे. नवी ४ टीबीची डिस्क जोडणीच्या दिवशी भाच्याला बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, दिसली होती. ती वापरात घ्यायची राहिली, आणि आता कुठेच दिसत नाही. दुसरी जुन्या कॉम्प्युटरमधली १ टीबीची. तिच्यावर २०१२ पासूनचं सगळं काम आहे. ती कधी दिसते, कधी नाही. फाइली कॉपी करायला घेतल्या की मधेच अडकते आणि गायब होते. परवा तर 'वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करा' अशी खिडकी आली. आवाज मात्र नेहमीसारखाच आहे. पॉवरची वायर तिच्यापर्यंत पोचेना म्हणून घरात पडलेला एक कन्व्हर्टर मधे लावला आहे.

दुकानदाराने नवी डिस्क त्याच्याकडच्या यूएसबी डॉकला लावून पाहिली आणि 'मॅडम, डिस्क ओके आहे' म्हणून परत दिली. तो बदलून द्यायचं टाळतोय, असं ताईंना वाटतं. भाचा म्हणतो, 'आत्या, जुनी फॉरमॅट मार, मग रिकव्हरी सॉफ्टवेअरने सगळं परत काढू.' यजमान म्हणतात, 'ब्रँडेड घेतला असतास तर ही वेळच आली नसती.' अंकाची पानं पंधरा दिवसांत छापखान्यात जायची आहेत, आणि जुना कॉम्प्युटर घ्यायला एक गिऱ्हाईकही तयार आहे. ताई विचारतात: दुकानदाराशी भांडू, भाच्याचं ऐकू, की रिकव्हरीवाल्याकडे जाऊ? आणि भाच्याला न दुखावता हा कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाला दाखवू कसा?

उत्तर

ताई,

पुढचं वाचायच्या आधी एक काम उरकून घ्या. कॉम्प्युटर नीट शटडाउन करा, मागचं बटण बंद करा, भिंतीतली पिन काढा आणि जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी, डेटाची आणि पॉवरची, सोडवून ठेवा. डिस्क बाहेर काढायची गरज नाही, नुसती सुटी राहू दे. ती फॉरमॅटची खिडकी पुन्हा कधी आली तर उत्तर एकच: कॅन्सल.

भाच्याचा सल्ला का नको, ते आधी सांगते, कारण हाच सल्ला निम्म्या पुण्याला मिळत असतो. क्विक फॉरमॅटमध्ये फाइलींचा मजकूर बहुतेक तसाच राहतो हे खरं. पण कुठली फाइल कुठे आहे याची यादी नवी, कोरी होते. रिकव्हरी सॉफ्टवेअर मग मजकूर उचकून काढतं, पण पुष्कळदा नावं आणि फोल्डर हरवून. दहा-बारा वर्षांच्या पेजमेकर आणि कोरलच्या फाइली 'फाइल ०००१' पासून सुरू होणाऱ्या आकड्यांत मिळाल्या, तर अमुक प्रकाशकाच्या पुस्तकाची शेवटची दुरुस्त प्रत कुठली हे तुम्ही कशावरून ओळखणार? शिवाय पेजमेकरमधली चित्रं बहुधा फाइलीच्या आत नसतात, लिंकने जोडलेली असतात. नावं गेली की लिंक गेली. आणि चुकून 'क्विक'ची खूण निघाली, तर विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट डिस्कवर सगळीकडे शून्य लिहीत जातो. त्यानंतर काढायला काही उरत नाही. वर ही डिस्क मधेच गायब होणारी. फॉरमॅट चालू असताना ती गायब झाली तर काय, हा प्रश्न वेगळाच.

आता तुमच्या मुद्द्याकडे येते. 'दोन्ही डिस्क खराब निघाल्या' असं तुम्ही धरूनच चालला आहात, आणि पुढचे सगळे प्रश्न त्यावर उभे आहेत. मला पत्रात तसा पुरावा सापडला नाही. सापडलं ते एवढंच, की डिस्क 'दिसत नाही'. पण कुठे दिसत नाही? कॉम्प्युटरमध्ये डिस्क दिसण्याच्या चार पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवरचं 'दिसत नाही' वेगळं असतं. पहिली पायरी, डिस्कला वीज मिळून ती फिरते का? कॅबिनेट उघडून डिस्कच्या अंगावर हलकेच बोट टेकवलं की थरथर कळते. दुसरी, ती बायोसमध्ये दिसते का? कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहिलं की बायोस उघडतं. तिसरी, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसते का? स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की यादीत ते नाव असतं. आणि चौथी पायरी म्हणजे आपण सगळे जिथे बघतो ती, 'धिस पीसी'मधली सी, डी, ई ही अक्षरं.

नवी कोरी हार्ड डिस्क चौथ्या पायरीवर कधीच आपणहून येत नाही. ती तिसऱ्या पायरीवर थांबते, तुम्ही तिला वापरात घेईपर्यंत. 'नवी डिस्क लावली, दिसतच नाही' म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचं दुखणं एवढंच असतं. तुमचं मात्र तसं नाही. तुमची ४ टीबीची डिस्क दुसऱ्याच पायरीवर, बायोसमधूनच, गेली आहे, आणि आधी ती तिथे दिसली होती.

मग मधल्या काळात बदललं काय? ते तुम्हीच लिहिलं आहे, जाता जाता. भाच्याने दुसरी एसएसडी टाकून दिली.

माझा सगळ्यात पहिला संशय तिथे आहे. आजकालच्या मदरबोर्डवर एसएसडीसाठी दोन किंवा जास्त एम.२ स्लॉट असतात आणि हार्ड डिस्कसाठी चार ते सहा साटा पोर्ट. प्रोसेसर आणि चिपसेटकडे मात्र या सगळ्यांना एकाच वेळी पुरतील इतक्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, नसतात. म्हणून कंपन्या काही पोर्ट सामायिक ठेवतात. एकाच पाइपवर दोन मजल्यांचे नळ असावेत तसं: वरच्याने सोडला की खालच्याला थेंब नाही. कित्येक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसली की साटाचे दोन पोर्ट, बहुधा ५ आणि ६, आपोआप बंद होतात. कुठलीही सूचना येत नाही. त्या पोर्टवर डिस्क असेल तर ती फिरत राहते, गरमही होते, पण बायोसच्या दृष्टीने तिथे काहीच नसतं.

ही माहिती मॅन्युअलमध्ये असते. कुठे? स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात 'स्टोरेज'च्या रकान्याखाली, तळटीप म्हणून, सहा पॉइंटात. तुम्ही दिवसभर तळटिपा लावता, त्यामुळे घरात सगळ्यात आधी ती तुम्हालाच सापडेल अशी माझी खात्री आहे. मॅन्युअल हरवलं असेल तर बोर्डावर मॉडेलचं नाव ठळक छापलेलं असतं आणि कंपनीच्या साइटवर मॅन्युअल फुकट मिळतं. कुठल्या पोर्टसाठी कुठला स्लॉट, आणि एसएसडी एनव्हीएमई या वेगवान जातीची असेल तर काय, जुन्या साटा जातीची असेल तर काय, हे प्रत्येक बोर्डाचं वेगळं असतं. त्यामुळे माझ्या ५ आणि ६ वर विसंबू नका, तुमच्या बोर्डाची ओळ वाचा.

मग मोबाइलचा टॉर्च लावून बोर्डावर पोर्टच्या शेजारी छापलेले आकडे बघा. पोर्ट एकावर एक असे जोडीने असतात, त्यामुळे वरचा कुठला आणि खालचा कुठला यात गफलत होते. ४ टीबीची वायर सामायिक पोर्टवर निघाली तर ती १ किंवा २ वर हलवा. बायोसमध्ये डिस्क उमटली की ही अडचण मिटली. मॅन्युअलवरून उलगडा झाला नाही तर दुसरी एसएसडी तात्पुरती काढून बघा. डिस्क परत आली तर आणखी पुरावा नको. हे सगळं पिन काढून, आणि अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून.

आता दुकानदाराकडे नव्याने बघा. त्याने डिस्क यूएसबीला लावली, तिथे ती दिसली, आणि त्याने तसं सांगितलं. तो खरंच बोलला होता. 'मग घरी का दिसत नाही' हा पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही, पण तो त्याचा धंदाही नव्हता. बोर्डाच्या जोडणीत त्याचा हात नाही. तुम्ही भांडून डिस्क बदलून आणली असतीत तर नवी डिस्कसुद्धा त्याच बंद पोर्टवर लागली असती. त्याचं 'ओके आहे' हे टाळाटाळ म्हणून न ऐकता तपासणीचा निकाल म्हणून ऐकलं असतं, तर डिस्क त्याच दिवशी संशयातून सुटली असती.

ती बायोसमध्ये दिसू लागली की डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'इनिशियलाइज' करायचं का असं विचारेल आणि एमबीआर की जीपीटी असा पर्याय देईल. जीपीटी घ्या. एमबीआर ही जुनी पद्धत साधारण २ टीबीपर्यंतच मोजू शकते, उरलेली निम्मी डिस्क वाया जाईल. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', पुढे पुढे. शेवटी आकार ३.६३ टीबी दिसेल. कुणी ३७० जीबी खाल्ले नाहीत: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. याच हिशेबाने तुमची १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसत आली आहे.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट: हे करताना जुनी डिस्क सुटीच असली पाहिजे, वायरी काढलेल्या. 'डिस्क १', 'डिस्क २' अशा नावांत चुकीच्या ओळीवर क्लिक व्हायला क्षणही लागत नाही. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून पुसता येत नाही.

जमल्यास नव्या डिस्कला तेच अक्षर द्या जे जुन्या कॉम्प्युटरवर तुमच्या कामांच्या विभागाला होतं. डी असेल तर डी. चित्रांच्या लिंक त्या मार्गाने शोधल्या जातात, तुमचा 'लिंक सापडत नाही'चा निम्मा त्रास वाचेल.

जुन्या डिस्कचं प्रकरण वेगळं आहे, आणि तिथे मी इतकी निवांत नाही. पण तिथेही 'मेली' म्हणायची घाई नको. कधी दिसते, कधी नाही, कॉपी करताना पडते आणि आवाज नेहमीचा, हे वर्णन डिस्कपेक्षा तिच्या वायरींना जास्त लागू पडतं. डेटाची केबल जुन्या कॅबिनेटमधलीच उचलली असणार, बरेच जण तसंच करतात. जुन्या केबलींना पुष्कळदा खटक्याची धातूची क्लिप नसते, आणि कॅबिनेटचं मागचं झाकण लावताना ती डिस्कपाशीच काटकोनात चेपते. आणि तो कन्व्हर्टर. जुन्या मोठ्या चार पिनांच्या पॉवर वायरीला साटाचं तोंड लावून देणारे हे कन्व्हर्टर स्वस्त असतात. ज्यांचं तोंड एकसंध ओतीव प्लास्टिकचं असतं, त्यांच्यात आतल्या वायरी एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत. हा कन्व्हर्टर आजच काढून टाका. नव्या एसएमपीएसला, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवरच्या डब्याला, साटाच्या पॉवर वायरी असतातच. पोचत नसेल तर डिस्क दुसऱ्या खणात बसवा. आणि एसएमपीएस मॉड्युलर असेल, म्हणजे वायरी सुट्या काढता येणारा, तर त्यात दुसऱ्या कुठल्याही एसएमपीएसची वायर लावू नका, तोंड बरोबर बसलं तरीसुद्धा. आतला क्रम प्रत्येकाचा निराळा असतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क तत्क्षणी जाते.

नवी साटा केबल घ्या, क्लिपवाली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली तुम्हाला चालत जाण्याएवढी आहे, गाडी काढण्याच्या फंदात पडू नका. मग जुनी डिस्क सामायिक नसलेल्या पोर्टवर, सरळ पॉवर वायरीने जोडा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडा. ते वर 'गुड' म्हणतं की 'कॉशन', तेवढ्यावर थांबू नका, खालची यादी वाचा. आकडे मुळात सोळाच्या पद्धतीत दिसतात, सेटिंगमध्ये दहाची पद्धत करता येते, तेवढं भाच्याला सांगा.

यादीत चार ओळी बघायच्या. सी७ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या वायरीवर झालेल्या चुका. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो मोठा असला तरी घाबरू नका. कागदावर लिहून ठेवा आणि नव्या केबलीवर काही जीबी कॉपी केल्यावर पुन्हा बघा. तिथेच थांबला असेल तर केबलच दोषी होती. ०सी म्हणजे डिस्कला किती वेळा वीज मिळाली. कॉम्प्युटर तुम्ही एकदाच चालू केला आणि हा आकडा मधेच वाढला, तर वीज तुटते आहे, कन्व्हर्टरवरचा आरोप शाबीत. उरलेल्या दोन ओळी, ०५ आणि सी५, खुद्द डिस्कच्या तब्येतीच्या. ०५ म्हणजे निकामी झालेल्या आणि बदललेल्या जागा, सी५ म्हणजे वाचताना अडकणाऱ्या, निकाल न लागलेल्या जागा. या दोन्ही शून्य असतील तर मला हायसं वाटेल. सी५ मध्ये आकडा असेल, विशेषतः वाढता, तर मात्र तुमचा संशय खरा होता.

पहिल्या शक्यतेत, म्हणजे ०५ आणि सी५ शून्य, लगेच कॉपीला लागा. कट-पेस्ट नव्हे, कॉपी. क्रम असा ठेवा: आधी चालू अंकाचं फोल्डर, मग फाँट, मग गेल्या वर्षाचं काम आणि मग मागे मागे. फाँट मुद्दाम म्हणते. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फाँटांवर बसवलेली फाइल त्या फाँटांशिवाय उघडली की मजकुराच्या जागी अगम्य अक्षरं दिसतात, आणि हे फाँट डी मध्ये नसून जुन्या विंडोजच्या फोल्डरात सी मध्ये असतात. 'माझं सगळं काम डी मध्ये आहे' म्हणणारी प्रत्येक व्यक्ती फाँट, डेस्कटॉप आणि डाउनलोड विसरते. एखाद्या फोल्डरवर 'परवानगी नाही' आलं तर 'कंटिन्यू' म्हणा, तो जुन्या विंडोजचा राखणदार आहे, डिस्कचा दोष नाही.

मोठ्या फोल्डरांसाठी भाच्याला विंडोजमधलंच रोबोकॉपी वापरू दे, अडली तर ते पुढे जाऊ शकतं. मात्र एका फाइलीसाठी किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, तो आकडा त्याने स्वतः घालावा. मुळात तो दहा लाख असतो, आणि प्रत्येक प्रयत्नात तीस सेकंदांची विश्रांती.

नवी केबल, नवी पॉवर वायर, तरीही डिस्क पडते आहे, पण ०५ आणि सी५ शून्यच? मग तिला तिच्या जुन्या कॉम्प्युटरात परत बसवा, जिथे ती इतकी वर्षं निमूट चालली, आणि तिथून यूएसबी डिस्कवर कॉपी करा. तिथे सुरळीत चालली तर दोष नव्या कॉम्प्युटरच्या बाजूला आहे हे सिद्ध, आणि तोवर डेटा हातात.

दुसऱ्या शक्यतेत, म्हणजे सी५ मध्ये आकडा आहे पण डिस्क वाचता येते, चालू अंकाचं फोल्डर तेवढं उचला आणि थांबा. विंडोजमधलं चेकडिस्क चालवू नका. ते डिस्कची दुरुस्ती करत नाही, फाइलींच्या नोंदी ठाकठीक करतं, आणि त्या झटापटीत मरणासन्न डिस्कला आणखी दमवतं. अशा डिस्कची आधी अख्खी प्रतिकृती काढायची असते. लिनक्समधलं डीडीरेस्क्यू हे त्याचं नेहमीचं साधन: सोप्या जागा आधी वाचतं, अडणाऱ्या नंतर. भाच्याने हे आधी केलेलं नसेल तर त्याच्यावर हा प्रयोग नको. इथे रिकव्हरीवाला योग्य. आणि टक-टक-टक असा ठरावीक ठेका ऐकू आला तर एकही फाइल न उचलता वीज बंद, डिस्क सरळ प्रयोगशाळेत.

जाल तेव्हा तीन गोष्टी आधीच विचारा: तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवणार का, आणि डेटा परत घ्यायला डिस्क तुम्ही आणायची की त्यांची. गिऱ्हाइकांची अप्रकाशित पुस्तकं आहेत, तेव्हा काम झाल्यावर त्यांच्याकडची प्रत पुसणार का हेही लेखी घ्या. 'उघडून बघतो' असं काउंटरवरच म्हणणाऱ्याकडून मात्र डिस्क उचलून घरी या.

भाच्याबद्दल. पत्रात तुम्ही त्याला जवळजवळ आरोपी केलं आहे, आणि त्याच वेळी त्याला दुखवायला घाबरताही आहात. मला विचाराल तर पोराने काम चांगलं केलं आहे. प्रोसेसर बसवला, रॅम बसवली, विंडोज टाकलं, दोन एसएसडी चालत्या केल्या. सामायिक पोर्टची तळटीप वर्षानुवर्षं जोडणी करणारेही वाचत नाहीत. त्याचा फॉरमॅटचा सल्ला वाईट आहे, पण कामाची वर्षं अजून त्याच्या गाठीशी नाहीत, त्यामुळे ती जातात म्हणजे काय हे त्याला कसं कळणार? 'तुझं काहीतरी चुकलंय' ऐवजी मॅन्युअलचं ते पान पुढे ठेवा आणि 'हे मला समजावून सांग' म्हणा. समजावताना त्यालाच सापडेल. त्यातूनही दुसऱ्याला दाखवायची वेळ आली तर तो समोर असताना दाखवा. पाठीमागे दाखवलं तर लागेल, समोर दाखवलं तर शिकेल.

यजमानांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. ब्रँडेड कॉम्प्युटरला तक्रारीसाठी एक फोन नंबर असतो आणि कितीतरी मॉडेलांना घरी येऊन दुरुस्ती करण्याची सोय. ज्यांच्या घरात भाचा नाही त्यांनी तोच घ्यावा, असं मीही सांगते. पण तुमची जुनी डिस्क त्यातही कुणीतरी हातानेच जोडली असती. आणि वॉरंटी ब्रँडेडची असो की सुट्या डिस्कची, बदलून मिळते ती डिस्क, तिच्यातलं काम नाही.

मिळत्याजुळत्या तक्रारी असलेल्या इतर वाचकांसाठी, भराभर. विंडोज टाकतानाच डिस्क दिसत नसेल आणि प्रोसेसर इंटेलचा अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल, तर बायोसमध्ये व्हीएमडी नावाची सोय बहुधा चालू आहे. ती बंद करा किंवा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्या. पण विंडोज आधीच टाकलेलं असेल तर तिला हात लावू नका, कॉम्प्युटर सुरू होणार नाही. विंडोज टाकताना एकच डिस्क जोडलेली ठेवा. दोन असल्या तर सुरू होण्यासाठीच्या फाइली कधीकधी दुसरीवर जाऊन बसतात, आणि ती काढली की कॉम्प्युटर उठत नाही. (ताई, जुनी डिस्क सोडवल्यावर तुमचा उठला नाही तर हेच झालं आहे. घाबरू नका, पेन ड्राइव्हवरून दुरुस्त होतं.) एम.२ एसएसडी अजिबात दिसत नसेल तर स्लॉट एनव्हीएमईचा आणि एसएसडी साटाची, असा बेबनाव आहे का पाहा. दोन्ही आकाराने सारख्याच असतात. सर्व्हरसाठी बनलेल्या हार्ड डिस्क स्वस्तात मिळतात म्हणून घेतल्या आणि त्या फिरतच नाहीत, तर पॉवरच्या तिसऱ्या पिनेची ३.३ व्होल्टची भानगड असते. तिथे जाणकाराकडेच जा. आणि विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी तिची ४८ अंकी रिकव्हरी की खात्यात आहे का ते बघून, कागदावर उतरवून ठेवा.

पंधरा दिवसांचा हिशेब तुम्ही मागितला नाही, तरी देते. आज-उद्या केबल आणि पोर्ट. परवापर्यंत चालू अंकाचं फोल्डर तीन ठिकाणी: कामाच्या एसएसडीवर, नव्या ४ टीबीवर आणि एका यूएसबी डिस्कवर, जी घराबाहेर कुणाकडे तरी राहील. भाच्याच्याच घरी ठेवा की. मोठी कॉपी गुरुवारी लावू नका, दुरुस्तीसाठी लाईट जाण्याचा तो वार आहे, आणि यूपीएस नसेल तर या खर्चात तोही बसवा. जुन्या वर्षांची कॉपी अंक गेल्यावर निवांत होऊ दे. मात्र तोवर ती डिस्क जोडून ठेवू नका. कॉपीपुरती लावा, मग सोडवा.

राहिला जुना कॉम्प्युटर. गिऱ्हाइकाला सांगा, दिवाळीनंतर या. अंक छापून हातात पडेपर्यंत तो तुमचा पर्यायी कॉम्प्युटर आहे, आणि त्या डिस्कला चालवून दाखवणारी एकमेव खात्रीची जागाही. पुढे विकाल तेव्हा डिस्क काढून घेऊन विका. दोन-तीनशे रुपये कमी मिळतील, मिळू देत.